कापलेल्या कडेचा इतिहास : जॉन्सनच्या मुंबईपासून जळकोटच्या चौकापर्यंत

१/
मराठवाड्यातील कोणत्याही तालुक्याच्या गावी, मग ते लातूर जिल्ह्यातील जळकोट असो की शेजारच्या नांदेड जिल्ह्यातील मुखेड, चौकातल्या फ्लेक्सकडे जवळून पाहिले तर एक गोष्ट हमखास आढळते. फलकावरील व्यक्तीच्या केसांभोवती पांढरट रेषा असते. कानामागे मूळ छायाचित्रातील भिंतीचा एखादा तुकडा चिकटून राहिलेला असतो. कधी फेट्याचा तुरा अर्धाच उरतो, तर कधी चष्म्याच्या काचेतून भलतीच पार्श्वभूमी दिसते.

२/
संगणकावर एखादी आकृती छायाचित्रातून वेगळी काढताना तिच्याभोवती जी मर्यादा आखली जाते, तिला सिलेक्शन म्हणजेच निवड म्हणतात. ती निवड नेमकी करणे, तिची कड मऊ वा स्पष्ट करणे, केसासारखे बारीक तपशील सांभाळणे, या कामाला रिफाइन करणे म्हणतात. हे सारे संगणकयुगाचे अपत्य आहे असा सर्वसाधारण समज असतो. प्रत्यक्षात या कामाचा इतिहास दीडशे वर्षांहून जुना आहे आणि त्याचा एक महत्त्वाचा अध्याय मुंबईत लिहिला गेला आहे.

३/
या इतिहासाच्या मुळाशी एकच प्रश्न आहे : माणूस नेमका कुठे संपतो आणि त्याची पार्श्वभूमी कुठे सुरू होते? प्रश्न तांत्रिक वाटतो, पण त्याच्या उत्तरावर छायाचित्र पुरावा म्हणून टिकते की नाही हे अवलंबून असते. इतिहासाच्या अभ्यासकाला म्हणूनच कडेची ओळख असायला हवी.

४/
प्रारंभ आकाशापासून करावा लागतो. १८५१ मध्ये इंग्लंडच्या फ्रेडरिक स्कॉट आर्चर याने ओल्या कोलोडिअनची प्रक्रिया प्रसिद्ध केली. काचेवर रसायनाचा थर द्यायचा, तो ओला असतानाच चित्र घ्यायचे आणि लगेच धुवायचे. या रसायनाला निळा प्रकाश फार लवकर भिडत असे. त्यामुळे जमीन नीट उमटेपर्यंत आकाश पूर्ण पांढरे होऊन जाई आणि ढग नाहीसे होत.

५/
फ्रान्समधील ग्युस्ताव्ह ल ग्रे याने यावर उपाय काढला. १८५६-५७ च्या सुमारास त्याने आपल्या काही समुद्रचित्रांत आकाशासाठी एक आणि पाण्यासाठी दुसरी, अशा दोन निगेटिव्ह एकाच कागदावर छापल्या. एक भाग छापताना दुसरा झाकून ठेवणे आवश्यक होते. तो झाकणारा भाग म्हणजे मास्क, म्हणजेच आजच्या निवडीचा पूर्वज. ल ग्रेला जोड लपविणे तुलनेने सोपे गेले, कारण क्षितिजाची रेषा सरळ असते. माणसाच्या डोक्यावर अशी सरळ रेषा नसते.

६/
१८५७ मध्ये ऑस्कर रेजलँडर याने इंग्लंडमध्ये तीसहून अधिक निगेटिव्ह जोडून एकच मोठे चित्र सिद्ध केले. 'टू वेज ऑफ लाइफ' हे त्याचे नाव. त्यावर वाद झाला, तशी प्रशंसाही झाली. राणी व्हिक्टोरियाने त्याची प्रत विकत घेतली. एकाच वेळी एकत्र कधीही न आलेली माणसे एका चित्रात एकत्र दिसू शकतात, ही गोष्ट छायाचित्रकलेच्या पहिल्या वीस वर्षांतच सिद्ध झाली होती.

७/
याच काळात मुंबईत काय घडत होते? १८५४ मध्ये 'फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बॉम्बे' स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड आणि त्यांचे बंधू नारायण दाजी यांच्यासारखी मंडळी तिच्याशी जोडलेली होती. विल्यम जॉन्सन हा सरकारी नोकरीतून छायाचित्रणाकडे वळलेला इंग्रजही त्या वर्तुळातलाच. विल्यम हेंडरसन याच्यासह त्याने १८५६ ते १८५८ या काळात 'द इंडियन ॲमॅच्युअर्स फोटोग्राफिक ॲल्बम' ही चित्रमालिका काढली.

८/
पुढे जॉन्सनने 'द ओरिएंटल रेसेस अँड ट्राइब्ज, रेसिडेंट्स अँड व्हिजिटर्स ऑफ बॉम्बे' हा ग्रंथ दोन खंडांत प्रसिद्ध केला. पहिला खंड १८६३ चा, दुसरा १८६६ चा. मुंबईत राहणाऱ्या आणि मुंबईत येणाऱ्या विविध जातिजमातींची छायाचित्रे आणि त्यांची वर्णने असे त्याचे स्वरूप होते. भारतातील लोकसमूहांवर छायाचित्रांसह निघालेल्या अगदी आरंभीच्या ग्रंथांत त्याची गणना होते.

९/
या ग्रंथातील अनेक चित्रांचे वैशिष्ट्य असे की माणसे एका ठिकाणी टिपली गेली आहेत आणि त्यांच्या मागचे दृश्य दुसऱ्या ठिकाणचे आहे. स्टुडिओत घेतलेल्या चित्रातील आकृती वेगळी काढून ती स्वतंत्रपणे घेतलेल्या स्थळदृश्यावर बसविलेली आहे. आज ज्याला पार्श्वभूमी बदलणे म्हणतात, नेमके तेच काम संगणकाच्या सव्वाशे वर्षे आधी झाले.

१०/
असे चित्र ओळखण्याच्या खुणा तेव्हा होत्या त्याच आजही आहेत. पहिली खूण कडेची : आकृतीभोवतीची रेषा कात्रीने कापल्यासारखी तीक्ष्ण असते. दुसरी खूण प्रकाशाची : माणसावर ऊन एका बाजूने पडते आणि इमारतीवर दुसऱ्या. तिसरी खूण पायांची : जमिनीवर टेकलेल्या पायांची सावली नसते, माणूस अधांतरी उभा असल्याचा भास होतो. चौथी खूण प्रमाणाची : मागच्या दाराच्या उंचीशी माणसाची उंची जुळत नाही.

११/
जॉन्सनचा हेतू फसवणुकीचा होता असे मानण्याचे कारण नाही. त्या काळी चित्र उमटण्यास वेळ लागे, माणसाला स्थिर बसवावे लागे आणि काच ओली असतानाच सारी प्रक्रिया उरकावी लागे. भर बाजारात हे साधणे कठीण होते. स्टुडिओत माणूस आणि बाहेर दृश्य, ही विभागणी सोयीची होती.

१२/
परंतु सोयीच्या या कडेचा परिणाम सोयीपुरता राहिला नाही. माणूस त्याच्या गल्लीतून, घरातून आणि कामातून उचलला गेला आणि त्याच्या जातीला शोभेल असे इतरांनी ठरविलेले दृश्य त्याच्या मागे आले. चित्राखाली समूहाचे नाव असे, व्यक्तीचे नाही. १८६८ ते १८७५ या काळात सरकारने 'द पीपल ऑफ इंडिया' हे आठ खंड काढले, तेव्हा माणसांना नमुने म्हणून मांडण्याची ही रीत पक्की झाली. पार्श्वभूमी बदलली की माणसाची ओळखही बदलते, याचे हे जुने उदाहरण आहे.

१३/
येथे एक विरोधाभास ध्यानात घ्यावा. जॉन्सनच्या चित्रांतील जोड आज अभ्यासकांना ओळखता येतात, ते मुख्यतः कड ओबडधोबड राहिल्यामुळे. ठिगळ दिसते म्हणून कापड कुठे जोडले ते कळते. कड निर्दोष असती तर ती माणसे खरोखर त्या वाड्यापुढे उभी होती असेच पुढच्या पिढ्यांनी मानले असते. तांत्रिक उणीव हीच इतिहासाच्या उपयोगी पडली.

१४/
मुंबईहून आता निजामाच्या राज्याकडे वळू. जळकोट, उदगीर, लातूर, नांदेड हा सारा प्रदेश त्या काळी हैदराबाद संस्थानात होता. १८८५ मध्ये सहावे निजाम मीर महबूब अली खान यांनी लाला दीनदयाळ यांना दरबारी छायाचित्रकार नेमले. मेरठजवळच्या सरधना येथे १८४४ मध्ये जन्मलेले दीनदयाळ रुडकीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकले आणि इंदूरला नावारूपाला आले. १८९४ मध्ये निजामाने त्यांना 'राजा मुसव्विर जंग बहादुर' हा किताब दिला. सिकंदराबाद आणि मुंबई येथे त्यांचे स्टुडिओ होते.

१५/
त्या काळच्या मोठ्या स्टुडिओंत छायाचित्र घेणारा वेगळा आणि निगेटिव्हवर हात फिरविणारा कारागीर वेगळा असे. निगेटिव्हवर काळे ते पांढरे आणि पांढरे ते काळे दिसते. काचेच्या ज्या भागातून प्रकाश जाणार नाही, तो भाग कागदावर कोरा राहतो. म्हणून नको असलेली पार्श्वभूमी काढायची तर आकृतीभोवती बारीक कुंचल्याने अपारदर्शक रंग भरीत. हा रंग बहुधा लाल असे, कारण छपाईच्या कागदाला लाल प्रकाश जवळजवळ जाणवतच नसे. चेहऱ्यावरील डाग टोकदार पेन्सिलीने भरले जात.

१६/
फोटोशॉपमध्ये न निवडलेला भाग लाल झाकणाखाली दाखविण्याची जी पद्धत आहे, तिचे मूळ छपाई व्यवसायातील या लाल मास्कच्या परंपरेत आहे. 'डॉज' आणि 'बर्न' ही साधनांची नावेही डार्करूममधीलच. एखादा भाग उजळ ठेवायचा असेल तर काडीला लावलेल्या पुठ्ठ्याने त्यावरचा प्रकाश काही क्षण अडवायचा, गडद हवा असेल तर हाताच्या पोकळीतून तेवढ्याच भागावर अधिक प्रकाश सोडायचा. पुठ्ठा सतत हलता ठेवावा लागे, नाहीतर त्याची कड कागदावर उमटे. कड मऊ करण्याचे हे सर्वांत साधे तंत्र होय.

१७/
दीनदयाळ यांच्या संस्थेने दरबार, राजवाडे आणि शिकारी टिपल्या, तशीच १८९९-१९०० च्या भीषण दुष्काळात औरंगाबाद भागात चाललेल्या मदतकार्याची छायाचित्रेही घेतली. अशा चित्रात पुढे अधिकारी असतो आणि मागे मातीकाम करणारी माणसे. सजावटीसाठी केवळ अधिकाऱ्याची आकृती कापून घेतली, तर उरतो एक रुबाबदार माणूस. दुष्काळ कापलेल्या भागात राहून जातो. मराठवाड्याच्या दृष्टीने त्या चित्राचे सारे मोल पार्श्वभूमीत आहे.

१८/
मराठी माणसाचा या विद्येशी सर्वांत प्रसिद्ध संबंध दादासाहेब फाळके यांच्या रूपाने येतो. चित्रपटाकडे वळण्यापूर्वी फाळके छायाचित्रण, शिलामुद्रण आणि रंगीत ब्लॉक तयार करणे या कामांत मुरलेले होते. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत आणि बडोद्याच्या कलाभवनात त्यांचे शिक्षण झाले. रविवर्मा यांच्या छापखान्यासाठी त्यांनी काम केले आणि पुढे स्वतःचा छापखाना काढला. तीन रंगांच्या छपाईत तिन्ही ब्लॉक केसभर जरी सरकले तरी आकृतीच्या कडेला रंगीत झालर दिसते. कडेचा धाक त्यांना छापखान्यातच लागला असणार.

१९/
'राजा हरिश्चंद्र' १९१३ मध्ये प्रदर्शित झाला. 'लंकादहन' १९१७ चा, 'श्रीकृष्णजन्म' १९१८ चा. या चित्रपटांतील चमत्कार कॅमेऱ्यातच घडविलेले होते. कॅमेरा थांबवून पात्र बदलणे, काळ्या पडद्यापुढे अभिनय घेऊन तीच फिल्म पुन्हा उलगडून दुसरे दृश्य टिपणे, हे त्यांचे मार्ग. काळा भाग फिल्मवर काहीच उमटवीत नाही, म्हणून तो कोरा राहतो आणि दुसऱ्या वेळी भरता येतो. 'श्रीकृष्णजन्म'मध्ये कंसाचे शिर धडापासून सुटून हवेत तरंगते, ते याच जातीच्या युक्तीने. येथे काळा पडदा हाच मास्क.

२०/
हलत्या माणसाभोवती दर चौकटीत नवी कड लागते. १९१८ मध्ये अमेरिकेत फ्रँक विल्यम्स याने अशा सरकत्या मास्कचे पेटंट मिळविले. १९४० च्या 'द थीफ ऑफ बगदाद'मध्ये लॅरी बटलर याने निळ्या पडद्याचा रंगीत चित्रपटासाठी उपयोग केला आणि त्यातील विशेष दृश्यांना ऑस्कर मिळाले. म्हैसूरचा साबू हा त्या चित्रपटातील प्रमुख नट होता. पुढे पेट्रो व्लाहॉस याने निळ्या पडद्यापुढील केस, धूर आणि काच यांच्या अर्धपारदर्शक कडा जपण्याची रीत बसविली.

२१/
महाराष्ट्रात याच सुमारास कडेचे दुसरे शास्त्र घडत होते, ते दिनदर्शिका आणि दिवाळी अंकांच्या मुखपृष्ठांवर. मूळचे गोव्याचे रघुवीर मुळगावकर हे एअरब्रशच्या, म्हणजे स्प्रेच्या तंत्रासाठी नावाजलेले होते. त्यांच्या देवदेवतांची चित्रे मराठी घराघरांतील भिंतींवर होती. एअरब्रशने रंगाचा फवारा उडतो, त्यामुळे जिथे रंग नको तिथे आकारात कापलेला कागद ठेवावा लागतो. कागद चित्राला घट्ट चिकटलेला असेल तर कड धारदार येते, किंचित उचलून धरला तर फवारा खाली शिरतो आणि कड विरघळल्यासारखी होते. संगणकावरील 'फेदर' हे साधन नेमके हेच करते.

२२/
संगणकाने या कारागिरीला आकड्यांत बसविले. १९७७-७८ च्या सुमारास न्यूयॉर्क इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये एड कॅटमुल आणि आल्व्ही रे स्मिथ यांनी अल्फा चॅनेलची कल्पना मांडली. प्रत्येक बिंदूला लाल, हिरवा, निळा यांच्या जोडीला चौथा आकडा द्यायचा आणि तो बिंदू किती झाकणारा आहे हे त्यातून सांगायचे. १९८४ मध्ये थॉमस पोर्टर आणि टॉम डफ यांनी अशी चित्रे एकमेकांवर ठेवण्याचे गणित व्यवस्थित मांडले. तेथपासून निवड म्हणजे केवळ आत किंवा बाहेर असा निवाडा उरला नाही. नेहमीच्या चित्रात ० म्हणजे पूर्ण बाहेर, २५५ म्हणजे पूर्ण आत, आणि मधल्या साऱ्या पायऱ्या उपलब्ध झाल्या.

२३/
या पायऱ्या का लागतात ते एका केसावरून समजते. केस पुष्कळदा एका बिंदूपेक्षाही अरुंद असतो. समजा, एका बिंदूचा ४० टक्के भाग केसाने व्यापला आहे आणि ६० टक्के मागच्या भिंतीने. केसाची उजळता ३० आणि भिंतीची २०० असेल, तर कॅमेऱ्यात त्यांचे मिश्रण १३२ असे नोंदले जाते. संगणकाला दिसतो तो केवळ १३२ हा आकडा. केस किती गडद, भिंत किती उजळ आणि केसाचा वाटा किती, या तीन अज्ञातांचा शोध त्याला एका आकड्यावरून घ्यायचा असतो. हे गणित नेमके सुटत नाही. शेजारचे बिंदू पाहून अंदाज बांधावा लागतो.

२४/
मिशिगन विद्यापीठाचा विद्यार्थी थॉमस नोल आणि चित्रपटांच्या विशेष दृश्यांवर काम करणारा त्याचा भाऊ जॉन यांनी १९८७ पासून जो प्रोग्रॅम घडविला, तो फेब्रुवारी १९९० मध्ये 'फोटोशॉप' या नावाने अडोबीने बाजारात आणला. हाताने कड आखण्याचे लॅसो आणि सारख्या रंगाचे बिंदू एकदम उचलणारी मॅजिक वाँड ही साधने त्यात आरंभापासून होती. लेअर्स १९९४ मध्ये आले. एकरंगी भिंतीपुढे वाँड छान चाले. पळसाच्या झाडाखाली उभ्या माणसापुढे मात्र ती हतबल होई.

२५/
१९९५ मध्ये एरिक मॉर्टेन्सन आणि विल्यम बॅरेट यांनी 'इंटेलिजंट सिझर्स' म्हणजे शहाणी कात्री मांडली. माउस कडेच्या आसपास फिरविला की रेषा आपण होऊन कडेला चिकटे. १९९८ च्या फोटोशॉपमध्ये त्याच धर्तीचा मॅग्नेटिक लॅसो आला. २००४ मध्ये केंब्रिजच्या संशोधकांनी 'ग्रॅबकट' मांडले : आकृतीभोवती केवळ एक चौकोन काढायचा, आत काय आणि बाहेर काय याचा तर्क संगणक करील. कड आखणारा हात हळूहळू मागे सरकू लागला.

२६/
२००७ मध्ये 'रिफाइन एज' आले, २०१० मध्ये ते अधिक समर्थ झाले आणि २०१६ मध्ये 'सिलेक्ट अँड मास्क' या स्वतंत्र दालनात विस्तारले. त्यातील साधनांचा अर्थ जुन्या कारागिरीतून सहज लागतो. 'स्मूद' म्हणजे कात्रीचे दाते घासणे. 'फेदर' म्हणजे मुळगावकरांच्या काळचा उचलून धरलेला कागद. 'काँट्रास्ट' म्हणजे तो कागद पुन्हा घट्ट दाबणे. 'शिफ्ट एज' म्हणजे कात्री रेषेच्या थोडी आत किंवा बाहेर चालविणे. फ्लेक्सवरची पांढरी रेषा घालविण्यास कड एखाददुसरा बिंदू आत घेणे बहुधा पुरते. 'रेडिअस' म्हणजे कडेच्या दोन्ही अंगांना किती रुंद पट्ट्यात संगणकाने केस शोधावेत, हे सांगणे.

२७/
यातील शेवटचे साधन सर्वांत महत्त्वाचे आहे : 'डीकंटॅमिनेट कलर्स'. कडेच्या बिंदूंत मिसळलेला भिंतीचा रंग काढून तेथे आतल्या आकृतीचा रंग भरण्याचे काम ते करते. इतर साधने केवळ काय दाखवायचे ते ठरवितात. मूळ बिंदू तसेच राहतात. हे साधन बिंदूंचे रंगच बदलते. म्हणूनच फोटोशॉप त्याचा परिणाम नव्या लेअरवर किंवा नव्या फाइलमध्येच देते. कॅमेऱ्याने नोंदलेल्या साक्षीत प्रोग्रॅमने स्वतःचे शब्द घालण्याची सुरुवात येथे होते. २०१८ पासून 'सिलेक्ट सब्जेक्ट'सारखी साधने, असंख्य चित्रांवरून शिकून, माणूस कुठला हेही स्वतःच ठरवू लागली.

२८/
निर्दोष कड काय करू शकते, हे सोव्हिएत रशियाने दाखविले आहे. निकोलाय येझोव्ह हा स्टॅलिनच्या गुप्त पोलिसांचा प्रमुख. मॉस्को कालव्याच्या काठी तो स्टॅलिनच्या शेजारी चालत असलेले छायाचित्र प्रसिद्ध आहे. १९४० मध्ये त्याला देहदंड झाला. त्यानंतरच्या प्रतीत त्याच्या जागी कालव्याचे पाणी आहे. हे काम एअरब्रश, कात्री आणि रंग यांनीच झाले. लबाडी उघड झाली ती पहिली प्रत कुणीतरी जपून ठेवली म्हणून.

२९/
मराठवाड्यात हा प्रश्न दरवर्षी १७ सप्टेंबरला उभा राहतो. १९४८ मध्ये त्या दिवशी हैदराबाद संस्थान भारतात विलीन होण्याचा मार्ग मोकळा झाला. त्या दिवशी मुक्तिसंग्रामातील सेनानींची चित्रे फलकांवर आणि मोबाइलवर फिरतात. त्यांतील पुष्कळ चेहरे समूहचित्रांतून कापलेले असतात. स्वामी रामानंद तीर्थ दिसतात, गोविंदभाई श्रॉफ दिसतात. त्यांच्या खांद्याला खांदा लावून उभी असलेली माणसे मात्र कडेबाहेर जातात.

३०/
मोठ्या नेत्यांचे चेहरे इतर ठिकाणीही सापडतील. परंतु जळकोट, उदगीर, कंधार, अहमदपूर या भागांतील साध्या कार्यकर्त्याचे अनेकदा एकच छायाचित्र असते, आणि तेही अशाच एखाद्या समूहचित्रात दुसऱ्या ओळीत. मागच्या भिंतीवरील अक्षरे, हातातील झेंडा, दाराची चौकट, पायांतील वहाणा यांवरून स्थळ आणि काळ ठरविता येतो. चेहऱ्याची कड जितकी सफाईने कापली जाईल, तितके हे धागे सफाईने तुटतात.

३१/
यावर उपाय कठीण नाही. जुने छायाचित्र स्कॅन करावे ते संपूर्ण, पुठ्ठ्याच्या कडा, स्टुडिओचा शिक्का आणि मागची बाजू यांसह. ही मूळ फाइल कधीही बदलू नये. काम प्रतीवर करावे. पार्श्वभूमी खोडरबराने पुसू नये. लेअर मास्कने झाकावी, म्हणजे ती पुन्हा उघडता येते. कापलेले किंवा रंगविलेले चित्र प्रसिद्ध करताना तसे लिहावे आणि शक्य असल्यास मूळ चित्र सोबत द्यावे. समूहचित्रातील सर्वांची नावे घरातील वडीलधाऱ्यांना विचारून डावीकडून उजवीकडे लिहून ठेवावीत. हे शेवटचे काम कोणताही प्रोग्रॅम करू शकत नाही, आणि त्याला मुदत आहे.

३२/
जॉन्सनच्या कात्रीपासून आजच्या साधनांपर्यंत कारागिरांनी एकच ध्यास घेतला : कड दिसू नये. तो ध्यास त्यांच्या व्यवसायाला साजेसाच होता. इतिहासाच्या विद्यार्थ्याचे काम त्याच्या उलट आहे. चित्र समोर आले की त्याने प्रथम कड शोधावी, आणि मग त्या कडेबाहेर कोण उभे होते ते विचारावे.